नऊ इंच खोल

गुरुवारी सकाळी पत्रू गोहण्यानं उबेच्या पेटीचं दार उघडलं आणि त्याला आईच्या गोठ्याचा वास आला. असा वास तिथं येण्याचं काही कारण नव्हतं. चांद्याच्या जटपुरा दरवाज्याजवळच्या, माती तपासायच्या त्या दोन सरकारी खोल्यांत फिनेलचा वास यायचा, स्पिरिटचा यायचा, हाताखालच्या मन्सूरच्या विडीचा यायचा. पण गोठा मोडून, त्याच्या जागी तुराट्यांची कुडं उभी राहून बारा वर्षं झाली होती. पत्रूनं दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्या फळीवर मोहटोल्याच्या सहा ताटल्या होत्या. सोमवारी त्यानंच ठेवल्या होत्या, स्वच्छ, पारदर्शक, आरशासारख्या. आता त्यांच्यावर ठिपक्यांची नुसती रीघ लागली होती. पांढरे, पिवळट, चिकट, काही कडेपर्यंत पसरलेले, एकमेकांच्या अंगावर चढलेले. शेजारी चिमूरकडच्या मातीच्या ताटल्या कशा शहाण्या मुलींसारख्या बसल्या होत्या, हातभर अंतर ठेवून, मोजून घे म्हणत. मोहटोला त्याचं गाव. तिथल्या मातीत एवढा जीव नव्हता, कधीच नव्हता. धानाच्या बांधीत वीतभर खाली मुरूम लागायचा आणि बाप नांगर थांबवून शिव्या द्यायचा, ते त्यानं कानांनी ऐकलं होतं.

काम तसं सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच साहेबाला त्याचं फार कौतुक. दहा ग्रॅम माती उकळून गार केलेल्या पाण्यात घुसळायची. त्यातला एक भाग नऊ भाग पाण्यात घालायचा, त्यातला एक पुन्हा नऊ भागांत, असं चारदा. शेवटी मातीचा रंगही उरत नाही. ते पाणी काचेच्या ताटलीत थेंबभर घ्यायचं आणि वरून चायनाग्रासची कोमट खळ ओतायची. चार दिवसांत, जो एक जीव डोळ्याला कधी दिसला नसता, तो आपलं सारं गणगोत उभं करून ठिपका होऊन बसतो. मग ताटली पालथी धरायची, काचेवर दौतीच्या टाकानं एकेक ठिपक्यावर खूण करायची आणि मोजायचं. पत्रू मोजण्यात पक्का होता. मॅट्रिकला गणितात त्याला जेमतेम पस्तीस, पण मोजणं वेगळं, त्याला अक्कल लागत नाही, बैठक लागते. ओगलेसाहेब तिसरी ताटली स्वतः पुन्हा मोजायचे आणि पत्रूच्या आकड्यात त्यांना दोन वर्षांत एकदाच फरक सापडला होता, तोही साहेबांचाच निघाला. तेव्हापासून साहेब त्याला 'गोहणे' न म्हणता 'गोहणेजी' म्हणू लागले. नागपूर सुटून मुंबईचं राज्य लागलं होतं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, कोण राहतो आणि कोण जातो याचा कुणालाच पत्ता नव्हता. अशा वेळी तो एक 'जी' पत्रूनं जपून ठेवला होता. पत्रू अजून कच्चा नोकर होता. पक्कं करण्याचा कागद साहेबांच्या मेजाच्या खणात होता, सहीसाठी.

त्यानं पहिली ताटली उचलली, पालथी धरली आणि टाक हातात घेतला. एक, दोन, तीन. खिडकीतून परकोटाची काळी भिंत दिसत होती, तिच्यावर एक शेळी चढली होती. सतरा, अठरा. मोजताना मन रिकामं होतं, असं तो पूर्वी बायकोला सांगायचा. खरं म्हणजे रिकामं होत नाही, भलतंच भरून येतं. त्याला पौषातला तो दिवस दिसत होता. सायकलवर तीन डबे बांधून तो पोंभुर्ण्याच्या वाटेनं निघाला होता, आणि मोहटोल्यात शिरताना बायका दारात येऊन पाहत होत्या, कारण गावातून शिकून गेलेला आणि पँट घालून परत आलेला तो एकटाच. बाईच्या घरासमोर उतरला तर तेलाचा वास, हिरव्या लाखोरीचे वडे. बाई म्हणजे त्याची थोरली बहीण भागीरथा. तिला गावातच दिली होती, देवाजीला, बापाच्या बांधीला लागूनच त्याची बांधी. बाप गेल्यावर दोन्ही जमिनी देवाजीच कसत होता. पत्रूनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. नांगर धरायला नको म्हणून तर तो पळाला होता. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव.

नियम होता की माती स्वतः घ्यायची. शेतात पाच जागा हेरायच्या, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, नऊ इंच खोल खणायचं, पाचही ठिकाणची माती एकत्र करून त्यातून डबा भरायचा. कागदावर तसं छापलेलंच होतं, 'मी स्वतः पाच जागी नऊ इंच खोल खणून', खाली सहीला जागा. आदल्या वर्षी कोरपन्याच्या बाजूला एका पोरानं रस्त्याकडेची माती डब्यात भरली, साहेबांना कळलं, पोरगा त्याच दिवशी घरी. हे सगळं पत्रूला पाठ होतं. पण उन्हं डोक्यावर आली होती, सायकलनं मांड्या भरून आल्या होत्या, आणि बाईनं पाटावर बसवून पुढ्यात वडे आणि जवसाची चटणी ठेवली होती. पँटीत खाली बसताना त्याला त्रास होत होता आणि पँट मळवून बांधीत खणत बसायचं, गावातल्या लोकांनी धुऱ्यावर उभं राहून पाहायचं, ही कल्पनाच नको वाटली. लोक म्हणाले असते, बघा, शिकून आला अन् मातीच खणते. त्यानं डबे पुढे सरकवले आणि तोंडात वडा ठेवूनच बाईला सांगितलं की बांधीतून जरा दोन डबे भरून आण. सरकार मातीचं काय करतं, असं तिनं विचारलं. मोजतं, तो म्हणाला, मातीत जीव किती ते मोजतं. बाई हसली होती. मातीत जीव नाई त काय, मातीनंच त सारा जीव देल्ला, असं काहीतरी म्हणाली होती आणि डबे घेऊन गेली होती. कशासाठी मोजतं ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंही नव्हतं, हे मात्र खरं. सरकारला बियाण्याचं शेत काढायचं होतं, पंचवीस एकरांचं, दोन जागा होत्या, एक चिमूरकडची आणि एक मोहटोल्याची, बोडीच्या तळ्याखालच्या बांध्यांची. पाणी दोन्हीकडे सारखं, रस्ता दोन्हीकडे सारखाच वाईट. तेव्हा ओगलेसाहेबांनी वर लिहून कळवलं की मातीतले जीव मोजू, ज्या मातीत जास्त, ते शेत घ्यावं. वरच्यांनाही काहीतरी निकाल हवाच होता, त्यांनी हो म्हटलं. पत्रूनं मनाशी हिशेब केला होता: आपली माती ती, मुरमाड, भिकारडी, तिला कोण विचारतं. नापास होईल आणि देवाजीच्या घरी सुखानं राहील. म्हणूनच तर मोहटोल्याची माती आणायला तो स्वतः पुढे झाला होता. सायकलवरून परत येताना त्यानं बाईला काही न सांगता वाचवलं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. दोनशे सोळा, दोनशे सतरा, दोनशे अठरा. टाक थांबला. चिमूरची चौऱ्याऐंशी होती.

आतल्या खोलीत मन्सूर वाफेच्या कुकरमधून काचेचं सामान काढत होता, टण्, टण्. मन्सूर वयानं मोठा, कल्हईवाल्यांच्या घरातला. हाताला अजून नवसागराचे चट्टे, पण त्याच्या हातून आजवर एक नळी फुटली नव्हती. माती चाळणं त्याचं काम. तो पुसत पुसत बाहेर आला, ताटल्यांकडे पाहिलं, आणि पत्रूकडे न पाहता म्हणाला,

"सोमवारी चाळलं तवाच शेणकाडी निघाली होती, बाबू. मले वाटलं तुम्हीच आनली, तुमाले मालूम असन. म्हनून गप राह्यलो."

पत्रूला सगळं एकदम समजलं. समजलं म्हणजे काय, दिसलंच. बाई दोन डबे घेऊन घरामागं गेली असणार. डबे सरकारचे, नवे, चकचकीत. त्यात बांधीतली ती फिकट ढेकळं टाकताना तिचा हात अडला असणार. भावाच्या साहेबापुढं असली माती कशी पाठवायची? पोरीची बोळवण करताना कुणी तिला फाटक्या लुगड्यात पाठवतं का? तिनं उकिरडा उपसला असणार, तळाचं काळंभोर, कुजून भुगा झालेलं खत ओंजळभर काढून प्रत्येक डब्यात कालवलं असणार, वर पुन्हा थोडी माती भुरभुरली असणार, आणि मान उंच करून डबे आणून दिले असणार. आईची शिकवण होती ती. कुणाचं भांडं आलं तर जाताना त्यात काहीतरी घालूनच द्यायचं, आणि घालायचं ते घरातलं सगळ्यात बरं असेल तेच. एकदा सुकरीमावशीची वाटी परत द्यायला आईनं पत्रूला पाठवलं होतं, आत गुळाचा खडा घालून. वाटेत चिंचेखाली बसून त्यानं तो खाल्ला आणि वाटी रिकामीच दिली. सुकरीमावशीनं गावभर केलं. आई चुलीपुढचं लाकूड घेऊन उठली तेव्हा बाई मध्ये आली होती. म्या खाल्ला, ती म्हणाली, माह्याच हाती देल्ली होती त्यानं वाटी. आठ-नऊ वर्षांची असेल. लाकूड तिच्या पोटरीवर बसलं, तिथं अजून वळ आहे. पत्रू कुडाआड उभा राहून जिभेनं दातांतला गूळ चाचपत होता.

आता उठायचं, साहेबांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं: साहेब, माती मी नाही, बहिणीनं भरली, तीत खत आहे, हा आकडा खोटा आहे. तीन वाक्यं. त्यानं ती मनात चार वेळा म्हटली. तिन्हीत पहिलंच वाक्य अवघड होतं. त्याशिवाय दुसरी दोन कुणी ऐकून घेणार नव्हतं, कारण कागदावर त्याची सही होती, नऊ इंच खोल. ताटली हातातून पाडता आली असती. त्यानं ती मेजाच्या कडेपलीकडे धरलीही, खाली फरशी होती. एक फुटली तर पाच उरतात. सहाही फोडल्या तर डब्यात माती उरते, ती पुन्हा लावतील, आणि ती पुन्हा दोनशे अठरा येईल. त्याच वेळी साहेबांचं पाऊल वाजलं आणि पत्रूनं ताटली अलगद मेजावर ठेवली.

ओगलेसाहेबांनी तिसरी ताटली स्वतः मोजली. दोनशे अकरा. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. त्यांनी विचारलं, गोहणेजी, हे तुमचंच गाव ना हो? पत्रूनं मान हलवली. साहेब म्हणाले की काय माती आहे, आणि तुम्ही लोक म्हणता झाडीपट्टीत काही पिकत नाही. दुसऱ्या कुणी आणली असती तर मला शंका आली असती, पण तुमच्या हातची आहे म्हणून प्रश्नच नाही. आणि इथं एक गोष्ट झाली, जी पत्रूनं पुढं कधी स्वतःशीही धड कबूल केली नाही. त्याला बरं वाटलं. सगळ्या शरीरभर ऊब पसरावी तसं बरं वाटलं. जन्मभर ज्या गावाचं नाव सांगताना त्याची जीभ जड व्हायची, ते हा पुण्याचा साहेब तोंड भरून घेत होता. घटकाभर त्यानं खत विसरून त्या मातीवर विश्वास ठेवला. त्याच घटकेत त्यानं आकडा वहीत उतरवला आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पुढचं सगळं आपोआप झालं, सरकारात एकदा शाई वाळली की होतं तसं. फाल्गुनात मोहटोल्याच्या सात घरांना कागद गेले. त्यांना नदीपलीकडे दुसरी जमीन मिळणार होती, जंगल तोडून काढलेली, खुंटं अजून जमिनीत असलेली. चैत्रात पांढरे खांब रोवले गेले. खांब रोवायला साहेबांबरोबर पत्रूलाही जावं लागलं. देवाजी धुऱ्यावर उभा होता, त्यानं साहेबाला हात जोडले आणि पत्रूकडे पाहिलं, रागानं नाही, अवघडून, लग्नघरात मोठ्या पाहुण्याकडे पाहावं तसं. बाई घरातून बाहेर आली नाही. साहेब जमीन मोजायच्या दुर्बिणीशी खटपट करत असताना पत्रू लांब गेला, लघवीला बसल्यासारखा बांधीत बसला आणि रुमालात माती घेतली. पाच जागची, नऊ इंच खोल, नखं मुरमानं फाटली. चांद्याला आल्यावर ती त्यानं कुणाला न सांगता लावली, चार दिवस थांबला आणि मोजली. एकतीस. त्यानं पुन्हा मोजली. एकतीसच. तशी ती असणारच होती, हे त्याला ठाऊक होतं, तरी मोजल्याशिवाय राहवलं नाही. मन्सूरनं त्या ताटल्या न विचारता कुकरमध्ये टाकल्या. त्याच आठवड्यात पक्कं केल्याचा कागद आला. बायकोनं महाकालीला नारळ फोडला.

तेव्हापासून त्याला झोप येईना. डोळे मिटले की ठिपके दिसत, आणि तो ते मोजत असे. तरी सगळ्यात जास्त राग त्याला बाईचा येऊ लागला होता. कुणी सांगितलं होतं तिला शहाणपण? बांधीतली माती आण म्हटलं, तर बांधीतली आणायची. एवढं साधं काम. हळूहळू त्याच्या मनात गोष्ट अशी बसत गेली की त्यानं काहीच केलं नव्हतं. त्यानं मोजलं होतं, आणि मोजलं ते बरोबर होतं.

वैशाखात, दुपारच्या मोटारीनं, बाई आली. कचेरीत याआधी ती कधी आली नव्हती. दारात चपला काढून ठेवल्या, भिंतीला धरून आत आली आणि साहेब नाहीत ना, असं आधी विचारलं. साहेब नागपूरला गेले होते. तिनं पदराखालून डबा काढला. तिसरा डबा, पौषात तो तिच्या घरीच राहिला होता. सरकारची वस्तू, म्हणाली, जाताना कुठं सांभाळत बसू, आणि रिकामा कसा आणू. आत चारोळी होती, फोडलेली, निवडलेली, डबा काठोकाठ. जंगलात हिंडून एकेक फळ वेचायचं, जात्यावर भरडायचं आणि एकेक दाणा वेगळा करायचा. एवढ्या चारोळीला महिना तरी लागला असेल. पत्रूनं तिला खुर्ची दिली, ती खाली फरशीवरच बसली. मन्सूर पलीकडे नळाखाली काचा धूत होता.

ती बरीच वाळली होती. परवा निघायचं आहे, ती सांगत होती, गाडीत काय घालायचं आणि काय टाकायचं तेच समजत नाही. देवाजी चार दिवस जेवला नाही, भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग कुणीतरी त्याला सांगितलं की साऱ्या जिल्ह्यात आपली माती पहिली आली म्हणून सरकारानं घेतली. तेव्हा उठून बसला. आता येईल त्याला तेच सांगतो, गावच्या पारावर बसून तेच सांगतो, म्हणतो आपल्या बापजाद्यानं मरमर केली ते सरकारानं मोजून पाहिलं. हे सांगताना बाईच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड आला.

"खरं आहे ना रे?" ती म्हणाली. "पहिली आली ना?"

हो म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? काहीच नाही. हो म्हणायचं आणि तिला मोटारीत बसवून द्यायचं. पत्रूला ते समजत होतं, अगदी स्वच्छ समजत होतं. पण तिच्या तोंडावरचा तो उजेड त्याला सहन झाला नाही. आपण इथं रात्ररात्र ठिपके मोजत पडायचं आणि जिनं केलं तिनं मान उंच करून हिंडायचं?

"बाई, त्या डब्यात तू काय टाकलं होतं?"

ती लाजल्यासारखी हसली, चोरी पकडली गेल्यावर लहानपणी हसायची तशी. तुह्या साहेबापुढं तुही मान खाली नको जावाले म्हणून मूठभर खत टाकलं, ती म्हणाली, कायी वाईट नोहतं ते, कुजलेलं होतं चांगलं.

"तेच मोजलं," पत्रू म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आकडा सांगताना असायचा तसा. "मातीत काई नोहतं. मी मागून पाह्यलं मोजून, एकतीस. चिमूरच्या निम्मीबी नाई. तू खत टाकलं नसतं त जमीन राह्यली असती. तुह्या मुठीनं गेली."

बाई त्याच्याकडे पाहत राहिली. हसू अजून ओठांवर तसंच होतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. मग तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि तो लुगड्याला पुसला.

"तुले कवा समजलं?"

नळ बंद झाला. मन्सूर हातात ओली ताटली धरून उभा होता. पत्रूनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आत्ता," तो म्हणाला. "तू सांगतलं तवा."

"पन मोजलं त मागूनच म्हन्तं."

"शंका होती. समजलं आत्ता."

तिनं मान हलवली. बाहेर टांगा गेला, परकोटाची सावली दारापर्यंत आली. विश्वास ठेवला की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"देवाजीले तू नको सांगू," ती म्हणाली. "मीच सांगीन. तुह्या तोंडून ऐकलं त त्याले वाटन तुले पहिलेच मालूम होतं. उगाच तुह्यावर येईन."

ती चपला घालत होती. लुगड्याचा काठ वर झाला आणि पोटरीवरचा वळ दिसला, पांढरट, बोटभर रुंद. तिच्या खांद्यावर रिकामी पिशवी होती. मन्सूर हात पुसत पुढं आला, कोनाड्यातलं आपल्या भाकरीचं फडकं काढलं आणि तसंच्या तसं तिच्या पिशवीत ठेवलं. खाली पिशवी नको न्या बाई, एवढंच म्हणाला. ती त्याला नको म्हणाली नाही. पायऱ्या उतरून ती मोटारीच्या दिशेनं गेली, आणि मन्सूर तिच्यामागं दरवाज्यापर्यंत गेला, तिला रस्ता ओलांडून द्यायला. परत आल्यावर त्यानं पत्रूशी एक शब्द काढला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढंही कामापुरताच.

डबा सरकारी होता, तो रिकामा करून कुकरमध्ये घालायला हवा होता. पत्रूनं मेजावर वर्तमानपत्र पसरलं आणि चारोळी ओतली. मग ब्रह्मपुरीकडून आलेल्या मातीची ताटली पालथी धरून टाक हातात घेतला. एक, दोन, तीन. मोजता मोजता डावा हात कागदाकडे गेला आणि त्यानं चिमूटभर चारोळी तोंडात टाकली. दाणे गोड होते. त्यानं आणखी घेतले.